कोरड्यावरचा पूल

मोजणीदारानं खुंटी ठोकली ती बरोबर गवंड्याच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर. ठोकली, हात झटकले आणि म्हणाला, "इथं ओढा."

गवंडी दारात बसून थापीला चिकटलेलं कालचं सिमेंट खरवडत होता. त्यानं खुंटीकडे बघितलं. खुंटीच्या पलीकडे त्याची तांबडी कोंबडी धुळीत लोळत होती. इतकी कोरडी धूळ, की कोंबडी पंख झाडायची आणि गवंडी शिंकायचा.

"कुठं ओढा?"

"इथं. तुझ्यासमोर."

"माझ्यासमोर कोंबडी आहे."

मोजणीदारानं नकाशा उलगडला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्ट्या लावलेला. त्यानं निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "नकाशात कोंबडी नाही. ओढा आहे."

आतून खाटेवरून गवंड्याचा बाप खोकत खोकत बोलला, "चूक नाही रे त्याची. माझं लग्न झालं तेव्हा ओढा इथूनच वाहायचा. मग एका पुरात बिनसलं त्याचं, आणि गेला गावाच्या पाठीमागं. त्याला पन्नास वर्षं झाली. ओढा गेला, पण नकाशाला सांगून गेला नाही."

गवंड्याला सगळा गाव ओळंबा म्हणायचा. कुणाच्या घरी पाणी प्यायला गेला तरी तांब्या हातात घेण्याआधी समोरची भिंत बघायचा, आणि भिंत बोटभर कललेली दिसली की त्याला पाणी गोड लागायचं नाही. खिशात ओळंबा कायम. दोरी, खाली पितळी गोळा, भिंत सरळ आहे का ते बघायला. लोकांच्या खिशात जसे किल्ल्यांचे जुडगे असतात तसा.

आता हा ओढा, म्हणजे खरा, पाणी असलेला ओढा, गावामागं दहा मिनिटांवर होता. गवंड्याचं भाजीचं वावर त्याच्या पलीकडे. गवंडीण रोज सकाळी रिकामी टोपली घेऊन ओढा ओलांडायची आणि दुपारी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन परत यायची. खाली शेवाळलेले गोटे, वर दहा-बारा किलोचं ओझं. मागच्या पावसाळ्यात पाय सटकला, टोपली वाहून गेली आणि उजवा गुडघा कायमचा बिघडला. तेव्हापासून तो गुडघा गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरायचा. तीन वर्षं दोघं कचेरीत अर्ज देत होती, की ओढ्यावर पूल द्या, मोठा नको, माणूस जाईल एवढा द्या. तिसऱ्या अर्जावर मंजुरी आली. आणि मंजुरीबरोबर आला हा मोजणीदार.

दुपारी कारकून आला. त्याला मागं सगळे शिक्का म्हणायचे, तोंडावर भाऊसाहेब. काखेत रबरी शिक्क्यांची पिशवी, बोटं जांभळी.

"मिस्त्री, अभिनंदन! पूल तुझ्या दारात."

"भाऊसाहेब, ओढा तिकडं आहे."

"माहीत आहे मला. माझा बूट गेला आहे त्यात."

"मग तिकडं बांधा ना."

शिक्का खाली बसला, आवाज उतरवला. "हे बघ. मंजुरी निळ्या रेघेवर आहे. रेघ हलवायची तर अर्ज वर जाणार, वरून खाली येणार, वर्ष जाणार. आणि वर्षअखेर आहे एकोणीस दिवसांवर. एकोणीस दिवसांत पैसा खर्च झाला नाही तर परत जातो."

"जाऊ दे की. पुढच्या वर्षी येईल."

"परत गेलेला पैसा परत आलेला बघितलास कधी? तुझा ओढा तरी आला का परत?" शिक्क्यानं गुडघ्यावर थाप मारली. "सगळ्या गावानं घरपट्टी भरली, पाणीपट्टी भरली, दिवाबत्ती भरली. तो तुमचाच पैसा. तुमच्याच गावात खर्च व्हायला नको? आधी हा उरकून टाक. हा झाला की लगेच ओढ्यावरचा. शब्द देतो. तू नाही म्हणालास तर बाहेरचा ठेकेदार आणतो, आणि तो काय बांधेल ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. बाहेरच्या ठेकेदारानं बांधलेल्या शाळेच्या कुंपणाला शेळीनं अंग घासलं होतं, तर शेळी कुंपणाखाली सापडली होती.

गवंड्यानं बायकोकडे बघितलं. ती चुलीपाशी गुडघ्याला तेल चोळत होती.

"लगेच म्हणाले ना?" ती म्हणाली. "मग बांधा. मजुरी तरी घरात येईल."

सतरा दिवस काम चाललं. पायाला कमरेइतकं खणलं. टिकाव लागला की ठिणगी उडायची, अशी जमीन. गवंड्याच्या तळहाताला जुन्या घट्ट्यांच्या बाजूला नवे फोड आले. सिमेंट कालवायला पाणी लागायचं, आणि पुलापाशी अर्थातच पाणी नव्हतं. मग गवंडीण ओढ्यावर जायची, हंडा भरायची, शेवाळलेल्या गोट्यांवरून तोल सावरत काठावर यायची, आणि दहा मिनिटं चालून तो हंडा पुलाच्या पायात ओतायची. दिवसाला बावीस हंडे.

"अहो," चौथ्या दिवशी ती हंडा उतरवत म्हणाली, "मला ओढा ओलांडायला लागू नये म्हणून हा पूल आहे ना?"

"हो."

"मग पूल बांधायच्या आधी मी ओढ्यात दिवसातनं दोनदा जायची. आता चोवीस वेळा जाते."

गवंडी पाणसळ लावून थर बघत बसला. बुडबुडा मध्यात आला तेव्हाच त्यानं मान वर केली.

शिक्का रोज येऊन घाई करायचा. "मिस्त्री, एवढं घासत काय बसलास? खालून कोण बघणार आहे? मासे?"

"मी बघणार आहे."

"सांधे जरा मोकळे सोड, दोन पोती सिमेंट वाचेल."

"सांधा मोकळा सोडला की मला जेवण जात नाही."

हे खरं होतं. आणि हाच त्याचा घात होता, पण ते कळायला अजून वेळ होता.

अठराव्या दिवशी पूल उभा राहिला. दोन घडीव दगडी खांब, वर जाड स्लॅब, दोन्ही बाजूंना चढ. चढाचं एक टोक मंजुरीतल्या मापाबरहुकूम गवंड्याच्या दारापर्यंत आलं. म्हणजे दाराच्या अर्ध्या उंचीपर्यंत. आता घरातून बाहेर पडायचं तर आधी वाकायचं, मग चढायचं, मग पूल ओलांडायचा, मग गाव. म्हाताऱ्याला परसाकडे न्यायचं तर दोघांनी धरून पुलावरून.

"या वयात मला रोज परदेशी गेल्यासारखं वाटतं," म्हातारा म्हणाला.

मग तपासणी आली. वरच्या कचेरीतले मोठे साहेब येणार, पुलाचा फोटो घेणार, शेवटचा हप्ता सोडणार. शिक्का आदल्या संध्याकाळी घामाघूम होऊन आला. "मिस्त्री, फोटोत खाली पाणी दिसायला हवं."

"कुठून आणू?"

"तू नको आणू. टँकर सांगितलाय. साहेब आले की सोडायचं. दोन मिनिटं वाहिलं तरी पुरे."

सकाळी नऊला टँकर पुलाच्या वरच्या अंगाला उभा राहिला. दहा वाजले. साहेबांचा पत्ता नाही. अकराला एक माणूस पळत आला. साहेबांची गाडी गावामागच्या ओढ्यात रुतली आहे.

शिक्क्याचं तोंड पांढरं पडलं. "मिस्त्री, पळ!"

गाडी ओढ्याच्या मधोमध बोनेटपर्यंत पाण्यात. ड्रायव्हर टपावर उकिडवा. आणि मोठे साहेब मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेले, बूट हातात, फाईल डोक्यावर. गवंडी पाण्यात उतरला, पाठ दिली. साहेब चढले. वजनदार होते, म्हणजे सगळ्याच अर्थानं. गवंड्याचे पाय गोट्यांमधे चाचपडत होते आणि साहेबांचा गुडघा त्याच्या बरगडीत रुतला होता. तोल सावरायला साहेबांनी त्याचा कान धरला.

"काय गाव आहे तुमचं!" साहेब वरून ओरडले. "एवढा मोठा ओढा आणि पूल नाही? मागणी का करत नाही तुम्ही लोक?"

गवंडी मधोमध थांबला. "केली साहेब. झाला पूल. तोच बघायला आलात तुम्ही."

"मग कुठंय?"

"गावाच्या पुढच्या बाजूला. ओढा कागदावर तिकडून जातो."

"मग हा कुठला ओढा?"

"हा कागदावर नाही."

साहेबांनी खाली पाण्याकडे बघितलं. मग कान जरा घट्ट धरून म्हणाले, "कागदावर नाही तर मी भिजलो कशात?"

"तेच मी विचारतोय तीन वर्षं."

त्याच क्षणी गवंड्याचा पाय सटकला. ज्या गोट्यावरून गवंडीण पडली होती तोच गोटा. दोघं कंबरभर पाण्यात बसले. फाईल दोनदा गोल फिरली आणि डौलात खाली निघून गेली.

पुलापाशी पोचेपर्यंत बारा वाजले होते. टँकरवाल्याला दुसरी खेप होती, त्यानं अकरालाच पाणी सोडून दिलं होतं. पाणी कधीच मुरलं होतं. पुलाखाली एवढीशी ओल, आणि त्या ओलीत तांबडी कोंबडी किडे वेचत होती. शिक्का हात जोडून उभा. मोठे साहेब पुलावर चढले, ओले मोजे काढले, पिळले, कठड्यावर वाळत घातले आणि पाय सोडून बसले. पुलाचा तो पहिला उपयोग.

त्यांनी टाचेनं स्लॅब ठोकला. मोज्यांच्या बाजूनं हात फिरवला. "काम मात्र चोख आहे हो. कोणी केलं?"

"मी," गवंडी म्हणाला. अंगावरून पाणी निथळत होतं, तरी छाती बोटभर वर आली.

"शंभर वर्षं हलणार नाही."

"नाही साहेब. पाणीच नाही तर हलेल कशानं," म्हातारा खाटेवरून म्हणाला.

साहेबांनी शिक्क्याकडून कोरा कागद मागितला. खरा ओढा त्यावर लिहावा तर नकाशा चुकला म्हणून चौकशी लागते, चौकशी लागली तर मंजुरी कुणी दिली ते निघतं, आणि मंजुरीवर सही साहेबांचीच होती. त्यांनी लिहिलं, पूल समाधानकारक, प्रवाह हंगामी. खाली सही. मोजे वाळल्यावर गेले. त्यांना परत ओढ्यापलीकडे गवंड्यानंच नेलं.

दोन महिन्यांनी गवंडी कचेरीत गेला. "भाऊसाहेब, ओढ्यावरच्या पुलाचं?"

शिक्क्यानं जाडजूड रजिस्टर ओढलं, जांभळं बोट फिरवलं. "गावात ओढे किती? एक. पूल किती? एक. हिशेब बरोबर जुळलाय बघ. आता दुसरा पूल मागितला तर वरचे विचारतील, दुसरा ओढा कुठून आणला?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"शब्दाला शिक्का नसतो, मिस्त्री." तो जरा ओशाळला. मग आवाज उतरवून म्हणाला, "हां, हा पूल पडला तर गोष्ट वेगळी. पडला की रजिस्टरातून नाव निघतं, नव्यानं मंजुरी, नव्यानं जागा. शेजारच्या गावात दर दोन वर्षांनी पडतो. त्यांचे आतापर्यंत तीन झाले." आणि ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढं सरकवला. "आलाच आहेस तर हे घेऊन जा. सुधारणापट्टी."

"कसली सुधारणा?"

"दारात पूल आला. घराची किंमत वाढली. वाढली की पट्टी आली. पूल बांधला त्याचा खर्च कुठून तरी भरून काढायला हवा ना."

"अहो, माझं दार अर्धं बुजलंय! वाकून बाहेर यावं लागतं!"

"अर्ज कर. दर्शनी भाग कमी, म्हणून सूट मिळते. पुढच्या वर्षीपासून."

पट्टीचा आकडा सतरा दिवसांच्या मजुरीला जवळजवळ लागून होता. नाही भरली तर घरातली हत्यारं जप्त होणार होती. गवंड्यानं भरली.

घरी आला तेव्हा गवंडीण ओढ्यावरून नुकतीच आलेली. लुगडं मांडीपर्यंत ओलं, गुडघा सुजून भोपळ्यासारखा. त्यानं सगळं सांगितलं. तिनं टोपली खाली ठेवली आणि हसली. ते हसू गवंड्याला अजिबात आवडलं नाही.

"शेजारच्या गावाला तीन पूल मिळाले," ती म्हणाली. "का? त्यांच्याकडे चोर गवंडी आहे म्हणून. आमच्या नशिबी हा ओळंबा. सगळ्यांचे पूल पडतात, तुमचाच मेला उभा!"

"वाईट काम करू म्हणतेस?"

"करायचं होतंत! एकदा! बायकोसाठी! लोक बायकोसाठी काय काय करतात, तुम्हाला दोन सांधे मोकळे सोडता आले नाहीत!"

"भांडू नकोस सूनबाई," म्हातारा म्हणाला. "लहानपणी मातीचा किल्ला करायचा तोही पडायचा नाही. लाथ मारून माझाच अंगठा सुजला होता."

दुसऱ्या दिवशी शिक्का वरच्या कचेरीत गेल्याचं कळलं. गवंड्यानं कोपऱ्यातला घण उचलला, छिन्नी, पहार घेतली आणि भर उन्हात पुलाखाली शिरला. पहिला घाव घालताना डोळे मिटले. घण परत आला. दुसरा घाव. खांदा झणाणला, दात एकमेकांवर आपटले. दहा, वीस, चाळीस. दगड आपला घुम्म म्हणायचा. गवंडीण वर चढावर बसून भाजी निवडत होती.

"पडला का हो?"

"नाही."

"कुणी बांधलाय म्हणायचा?"

दुपारपर्यंत घणाचा दांडा मोडला, छिन्नीचं तोंड फुटलं, गवंड्याच्या तळहाताची साल निघाली. आणि पुलाचा? खांबाच्या कोपऱ्याचा एक टवका उडाला. वीतभर. बस्स. गवंडी खाली बसून त्या टवक्याकडे बघत राहिला. त्याला राग येत होता, आणि रागाखाली कुठंतरी, देवाशपथ, अभिमानही वाटत होता, आणि त्या अभिमानाचाच त्याला आणखी राग येत होता.

संध्याकाळी शिक्का परतला. टवका बघितला. गवंड्याच्या हाताची पट्टी बघितली. मोडका दांडा बघितला. गवंड्याला वाटलं, आता दंड.

शिक्क्याचा चेहरा उजळला. "दुरुस्ती!" तो जवळजवळ ओरडला. "मिस्त्री, तू देवमाणूस आहेस! दुरुस्तीच्या नावाखाली पैसा नुसता पडून आहे, गावात दुरुस्त करायला सरकारी काही उभंच नाही! वर्षअखेर आली की तोही परत जाणार. लिही, पुराच्या तडाख्यानं खांबाची हानी."

"कुठला पूर?"

"हंगामी." त्यानं पिशवीतून शिक्का काढला, त्यावर तोंडानं वाफ सोडली आणि उठवला.

आठ दिवसांत माल आला. चार पोती सिमेंट, वाळू, आणि हातभर लांबीचे आठ घडीव दगड. एवढासा टवका बुजवायला. गवंडीण दगडांभोवती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "अहो, ओढा किती पावलांचा?"

"आठ," गवंडी म्हणाला. तो आधीच मोजून बसला होता.

ओढ्यातले गोटे पुरात लोळत जातात. पण तळ खणून, खडक लागेपर्यंत उतरून, सिमेंटात बसवलेला घडीव दगड जागचा हलत नाही. आठ पावलं, आठ दगड. पूल नव्हे, पण पाय कोरडा. पोती नि दगड हातगाडीवर घालून त्यांनी ओढ्यावर नेले. शिक्का वाटेत भेटला, गाडीकडे बघितलं आणि आभाळाकडे बघत निघून गेला. दुरुस्ती कागदावर झाली होती, त्याला पुरेसं होतं. त्याचाही एक बूट त्या ओढ्यात गेलेला होताच.

पाच दिवस गवंडी मांडीपर्यंत पाण्यात होता. पाण्याला बांध घालायचा, उपसायचं, खणायचं, दगड उतरवायचा, पाणसळ लावायची. ओठ निळे पडले. शिक्क्यानं मजुरी एका दिवसाची लावली होती, टवक्याला तेवढीच लागते. गवंडीण वावरात जाता-येता काठावर थांबून बघायची. एक दगड वर आला, मग तीन, मग पाच.

सहाव्या दिवशी सकाळी ती वावरात गेल्यावर गवंड्यानं उरलेलं काम उरकलं. दुपारी ती भरली टोपली घेऊन पलीकडच्या काठावर आली. अलीकडे गवंडी उभा, हात पुसत.

"ये," तो म्हणाला.

तिनं पहिल्या दगडावर पाय ठेवला. दाबून बघितला. हलला नाही. दुसरा. तिसरा. गुडघा कुरकुरत नव्हता. चौथ्यावर तिनं खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघितलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला शिवी न देता पुढं गेली. पाचवा, सहावा, सातवा. आणि थांबली.

सातव्या दगडापुढं पाणी होतं. दोन पावलांइतकं. पाण्यापलीकडे काठ.

"आठवा?"

गवंडी हात पुसतच राहिला.

"अहो, दगड आठ आले होते. मी मोजले होते. आठवा कुठाय? चोरीला गेला?"

"नाही."

"मग?"

गवंड्यानं मान वळवून गावाकडे बघितलं. गावाच्या पलीकडच्या बाजूला. मग खाली बघितलं.

"तो टवका," तो हळूच म्हणाला. "रोज दारातून निघताना दिसायचा. कोपरा उघडा पडलेला. जेवण जात नव्हतं."

गवंडीण डोक्यावर टोपली घेऊन सातव्या दगडावर उभी राहिली. एका हातानं तिनं टोपली सावरली.

"नीट बसला?" तिनं शेवटी विचारलं.

"ओळंब्यात आहे."

"मग झालं तर."

"मी... मी उतरतो आत. माझ्या पाठीवर पाय देऊन ये." तो खरंच पाण्यात उतरला आणि वाकला.

"उठा," ती म्हणाली. "साहेबांना नेलंत तेवढं पुरे. तुम्ही असे रोज उभे राहिलात तर शिक्का तुमच्यावर पट्टी लावेल."

आणि तिनं लुगडं एका हातानं वर धरलं, दुखरा पाय आधी पुढं घातला आणि गुडघाभर पाण्यात उतरली.